कोपरारक्षकाचे मोल

व्यावसायिक कबड्डीच्या लिलावाचे दिवस जवळ आले म्हणजे आमच्या शाळेच्या व्हरांड्यात दुसरा विषय निघत नाही. कोणता गडी किती लाखांना जाईल, कोणता संघ कोणासाठी आपली थैली रिकामी करील, ह्याचे आडाखे मुले इतक्या तन्मयतेने बांधीत असतात की, तितकीच तन्मयता भूमितीच्या तासाला दिसती तर आम्हा शिक्षकांचे पुष्कळ श्रम वाचते! ह्या चर्चेत एक प्रश्न हटकून निघतो. ज्याची पकड पोलादी आहे असा उमदा बचावपटू लिलावात मागे पडेल काय? प्रश्न करमणुकीचा दिसतो. परंतु त्याची मुळे आता घरोघरी पोहोचली आहेत. घाटकोपर, भांडुप, मुलुंड ह्या बाजूचे काही पालक अलीकडे आम्हांस भेटून सांगतात, "सर, आमच्या मुलास कोपऱ्यावरून काढा व चढाईला घाला, पैसा चढाईत आहे." ह्या मागणीचा शांतपणे विचार व्हावा, म्हणून हे चार शब्द लिहीत आहोत.

प्रथम लिलावाची रीत समजून घेऊ. सन २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली. त्या वर्षीच्या पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली राकेश कुमार याच्यावर लागली व ती होती १२ लाख ८० हजार रुपयांची. पुढे आकडे भराभर चढत गेले. सन २०२५ च्या लिलावात बारा संघ होते व प्रत्येकास संपूर्ण चमू उभारण्यासाठी पाच कोटी रुपयांची मर्यादा होती. जुने गडी राखून ठेवले तर त्यांचे मोल त्याच पाच कोटींतून वजा होते. खेळाडूंचे चार वर्ग पाडलेले असतात. वरच्या वर्गाची बोली तीस लाखांपासून, तर सर्वांत खालच्या वर्गाची नऊ लाखांपासून सुरू होते. चमूत किमान अठरा गडी हवेत. अर्थात् एका गड्यावर दोन कोटींहून अधिक रक्कम टाकणाऱ्या संघास उरलेल्या सतरांची सोय तीन कोटींच्या आत करावी लागते. तेव्हा लिलाव म्हणजे गुणांची परीक्षा नव्हे; मर्यादित पैशांत घर चालविणाऱ्या गृहिणीने बाजारात केलेली ती तडजोड होय. कांदे महाग झाले म्हणजे ती बटाटे कमी घेते. त्यात बटाट्याचा काही दोष नसतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बचावपटू मागे पडतो काय? आकडे पाहता, होय, पुष्कळदा पडतो, हे मान्य केले पाहिजे. सन २०१८ च्या लिलावात एक कोटीची रेषा सहा जणांनी गाठली अथवा ओलांडली. त्यांत पाच भारतीय होते. चार निखळ चढाईपटू व पाचवा दीपक निवास हूडा हा अष्टपैलू. आपल्या उपनगरातील सांताक्रूज येथे वाढलेला व त्याच वर्षाच्या आरंभी महाराष्ट्रास राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून देणारा कर्णधार रिशांक देवाडिगा हा त्या पाचांपैकी एक. त्याच्यावर १ कोटी ११ लाखांची बोली लागली, आणि तोही चढाईचाच गडी. भारतीय बचावपटूस मात्र ती रेषा ओलांडावयास सन २०२४ उजाडावे लागले. त्या वर्षी आपल्या यू मुम्बा संघाने उजवा मध्यरक्षक सुनील कुमार यास १ कोटी १ लाख ५० हजारांस घेतले. हाच सुनील कुमार सन २०२२ मध्ये जयपूरच्या विजेत्या संघाचा कर्णधार होता. म्हणजे चढाईपटू व बचावपटू यांच्यात सहा वर्षांचे अंतर पडले. हे अंतर का पडले, हे समजल्यावाचून मुलांच्या भवितव्याविषयी बोलणे आम्हांस अनुचित वाटते.

पहिले कारण खेळाच्या गणितात आहे. चढाईपटूस तीस सेकंद मिळतात. तेवढ्या दमात त्याने तिघांना स्पर्श करून मध्यरेषा गाठली तर तीन गुण एकट्या त्याच्या नावे जमा होतात. बचावपटूने जीव पणाला लावून पकड केली तरी तिचा गुण एक. अंगणात तिघे वा त्याहून कमी उरले असता केलेल्या अव्वल पकडीचे फार तर दोन. प्रदीप नरवाल याने चढाईत अठराशेहून अधिक गुण मिळविले, आणि त्याच स्पर्धेत पकडींचे पाचशे गुण प्रथम पूर्ण करणारा इराणचा फझल अत्राचली हा बचावातला शिरोमणी मानला जातो. ज्याने केवळ आकडे वाचले त्यास पहिला तिप्पट मोठा वाटेल. ज्याने खेळ पाहिला त्यास तसे वाटणार नाही. पायलीचे माप व तोळ्याचे माप एकाच तराजूत तोलावयाचे नसते.

दुसरे कारण असे की, पकड ही क्वचितच एकट्याची असते. चढाईचा गडी बोनस रेषेकडे पाय टाकतो. कोपरारक्षक झेप घेऊन त्याचा घोटा धरतो. इतक्यात मध्यरक्षक धडक देऊन त्यास मागे रेटतो. शेजारचा साखळीचा हात न सोडता त्याची वाट अडवितो. चौघांच्या अंगाला माती लागते, आणि गुणपत्रिकेत नाव एकाचेच चढते. उरलेल्या तिघांचे श्रम कोणत्या रकान्यात लिहावयाचे? असा रकाना जेथे नसतो तेथे त्यांचे मोलही कोणी करीत नाही. शिवाय जोडीदार बदलला की कोपऱ्याची करामत काही काळ मंदावते. सन २०१५ मध्ये यू मुम्बा विजेती ठरली तेव्हा मोहित छिल्लर व सुरेंदर नाडा हे दोन कोपरे एका शरीराच्या दोन हातांप्रमाणे चालत असत. अशा जोडीतील एकच हात विकत घेताना व्यवहारी मनुष्य बिचकतो, ह्यात नवल ते काय!

तिसरे कारण दिसण्याचे आहे. चढाई करणारा एकटा प्रतिपक्षाच्या अंगणात शिरतो. सर्वांचे डोळे त्याच्यावर खिळलेले असतात. कोपरारक्षक मात्र गुडघे वाकवून, दोन्ही हात पुढे करून, वाट पाहत उभा असतो. त्याचे अर्धे कौशल्य न हलण्यात आहे. अवेळी झेप घेतली तर तो स्वतः बाद होतो व संघास एका गुणाचा दंड बसतो. योग्य क्षणापर्यंत थांबला तर लोकांस वाटते, ह्याने काहीच केले नाही. संयम हा गुण असा आहे की तो अंगी असताना दिसत नाही. नसला म्हणजे मात्र सर्वांस दिसतो.

इतके वाचून कोणी म्हणेल, "मग पालकांचे म्हणणे खरेच ठरले!" थोडे थांबा. बोली उतरते ही एक गोष्ट, व गडी उतरतो ही दुसरी. सन २०१६ च्या लिलावात सर्वांत महाग ठरलेला गडी चढाईचा नव्हताच. तो वर सांगितलेला मोहित छिल्लर होता, व त्याची किंमत ५३ लाख होती. सन २०१८ मध्ये एक कोटीचा आकडा प्रथम ज्याच्या नावापुढे लिहिला गेला तो फझल अत्राचली, डाव्या कोपऱ्याचा रक्षक. सन २०२३ मध्ये त्याच्यावर १ कोटी ६० लाखांची बोली लागली. पुढल्याच वर्षी ती ५० लाखांवर आली, आणि सन २०२५ मध्ये दबंग दिल्लीने त्यास ३० लाखांत घेतले. वय वाढले, नवे गडी आले. बाजाराने आपला हिशेब केला. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबर रोजी दिल्ली येथे अंतिम सामना झाला. समोर आपला पुणेरी पलटण होता. दिल्ली ३१, पुणे २८ असा निकाल लागला. आणि शेवटच्या क्षणांत पुण्याच्या चढाईपटूस जखडून सामन्यावर शिक्का मारणारी पकड ह्याच तीस लाखांच्या फझलची होती. आम्ही महाराष्ट्रीय असल्यामुळे त्या निकालाने आम्हांस हळहळ वाटली, हे लपवीत नाही. परंतु बोलीचा आकडा घोटा धरणाऱ्या हातात उतरत नाही, हे त्या पकडीने सिद्ध केले.

मोहम्मदरेझा शादलू याचे उदाहरणही ह्याच बाजूचे. मूळचा डाव्या कोपऱ्याचा हा इराणी तरुण लिलावात अष्टपैलूंच्या यादीत असतो. सन २०२४ च्या मार्च महिन्यात तो पुणेरी पलटणबरोबर विजेता ठरला व त्याच वर्षाच्या डिसेंबरात हरियाना स्टीलर्सबरोबर पुन्हा विजेता ठरला. सन २०२५ च्या लिलावात सर्वांहून मोठी म्हणजे २ कोटी २३ लाखांची बोली त्याचीच होती. त्याच लिलावात योगेश दहिया ह्या भारतीय बचावपटूसही एक कोटीहून अधिक मिळाले. बाजारास उशिरा का होईना, कोपऱ्याची किंमत कळू लागली आहे. उलटपक्षी, सन २०२१ मध्ये ज्याच्यावर १ कोटी ६५ लाख लागले त्या प्रदीप नरवालला सन २०२५ मध्ये कोणीच बोली लावली नाही, व त्याने खेळातून निवृत्ती पत्करली. चढाईचा सम्राट म्हणविणाऱ्याची ही कथा आहे. तेव्हा "चढाईत पैसा आहे" हे वाक्य जितके खरे तितकेच अपुरे होय.

हा प्रकार केवळ आपल्याच देशात घडतो असे नाही. अमेरिकेत त्यांच्या पद्धतीचा फुटबॉल खेळतात. तेथे महाविद्यालयांतील गडी लिलावाने घेत नाहीत. मागील वर्षी सर्वांत मागे राहिलेल्या संघास प्रथम निवड करण्याचा मान देतात, व मग क्रमाने इतर संघ निवडतात. तेथेही लोक असेच आडाखे बांधतात व अमुक गडी किती पायऱ्या घसरेल ह्याची चर्चा करतात. सन २०१४ मध्ये ॲरन डोनाल्ड नावाचा एक बचावफळीतील तरुण होता. त्या जागेच्या मानाने त्याची उंची कमी भरली, म्हणून बारा नावे पुकारली गेल्यावर तेराव्या क्रमांकावर त्याची निवड झाली. पुढे त्याने त्या स्पर्धेतील सर्वोत्तम बचावपटूचा बहुमान सन २०१७, २०१८ व २०२० असा तीन वेळा मिळविला, आणि सन २०२२ मध्ये त्याचा संघ विजेता झाला. मोजपट्टीने त्याची उंची मोजली. त्याचे मन मोजण्याची पट्टी तिच्यापाशी नव्हती.

येथे एक आक्षेप आम्ही स्वतःच उपस्थित करतो, कारण तो खरा आहे. चाळीतील दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबास नऊ लाख व एक कोटी ह्यांतील फरक तत्त्वज्ञानाने समजावून सांगणे ही क्रूर थट्टा ठरेल. आईची धुण्याभांड्यांची कामे सुटावीत, बापाची रात्रपाळी थांबावी, ह्यासाठी एखादा मुलगा चढाईला जाऊ इच्छितो, तर त्यास लोभी म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु अशा कुटुंबापुढे आम्ही साधा हिशेब ठेवतो. बारा संघ, प्रत्येकात फार तर पंचवीस गडी. म्हणजे संपूर्ण देशांत व परदेशांत मिळून जागा तीनशे. आपल्या उपनगरांत अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत व घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत मैदानामैदानावर सायंकाळी कबड्डी घुमते. ह्या सर्व मुलांतून त्या तीनशेंत कितीजण बसतील? जो मुलगा जन्मतः कोपऱ्याचा आहे, ज्याचा डोळा पायावर व हात घोट्यावर आपोआप जातो, त्यास चढाईला ढकलले तर एक चांगला कोपरारक्षक नाहीसा होतो व एक सुमार चढाईपटू तयार होतो. लिलावात सुमार चढाईपटूस कोण विचारतो?

शिवाय कबड्डीने पोट भरण्याचा मार्ग एकट्या लिलावातून जात नाही. रेल्वे, पोलीस, बँका, तेल कंपन्या ह्यांचे संघ आहेत. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. तेथे संघ निवडणारे जाणते लोक सातही जागा भरतात. त्यांस कोपराही लागतो व मध्यरक्षकही लागतो. परंतु त्या प्रत्येक नोकरीच्या अर्जावर शिक्षणाचा एक रकाना असतो. दहावी वा बारावी उत्तीर्ण नसलेल्या मुलाची पकड कितीही पक्की असो, त्या रकान्यापाशी तो बाद होतो. आणि तेथे त्यास जिवंत करणारा जोडीदार नसतो. गुडघ्याचा एक स्नायू तुटला तर संपूर्ण हंगाम जातो, कधी कधी संपूर्ण कारकीर्द जाते. पुस्तकास असे दुखणे नाही. यास्तव सरावासाठी शाळा सोडविण्याचा विचार ज्या पालकांच्या मनात येत असेल त्यांना आमची हात जोडून विनंती आहे की, तो विचार मनातून काढून टाका.

मुलींविषयीही एक शब्द. सन २०१२ मध्ये पाटण्यास महिलांची पहिली जागतिक स्पर्धा झाली व भारत विजयी झाला. त्या संघात अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के व दीपिका जोसेफ ह्या आपल्या महाराष्ट्राच्या कन्या होत्या. तेव्हा लिलाव हा शब्द कबड्डीत कोणी ऐकलाही नव्हता. त्यांच्या डोक्यावर किमतीची चिठ्ठी लागलेली नव्हती, म्हणून त्यांची मान कोठे खाली झाली काय? आपल्या शाळेतील ज्या मुली दुपारच्या उन्हात सराव करतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मग शाळेने काय करावे? आमच्या मते तीन गोष्टी. पहिली, आपल्या आंतरवर्गीय सामन्यांच्या गुणवहीत पकड करणाऱ्याबरोबर तिला साहाय्य करणाऱ्याचेही नाव लिहावे. त्यास निराळी खर्चाची तरतूद नको. एक रकाना आखावा, एवढेच. दुसरी, वार्षिक पारितोषिकांत उत्तम चढाईपटूस जी ढाल देतात, तेवढीच मोठी ढाल उत्तम बचावपटूस द्यावी. तिसरी, नव्याने खेळू लागलेल्या प्रत्येक मुलास पहिले वर्षभर सर्व जागांवर खेळवावे व मगच त्याची जागा ठरवावी. ती बापाच्या इच्छेने ठरू नये, मित्रांच्या टाळ्यांनी ठरू नये, लिलावाच्या आकड्यांनी तर मुळीच ठरू नये. पालकांनी करावयाची गोष्ट एकच आहे. मुलगा सामना खेळून घरी आला म्हणजे "किती गुण आणलेस?" हा प्रश्न विचारण्यापूर्वी "कोणाला साथ दिलीस?" असे विचारावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता देता तो खेळ शिकेल, आणि खेळाहून मोठे असेही काही शिकेल.

संत पौलाने मंडळीस शरीराची उपमा दिली आहे. डोळा हातास तुच्छ लेखू शकत नाही, मस्तक पायांवाचून चालू शकत नाही, असा त्या उपदेशाचा आशय आपल्या मुलांनी प्रार्थनेच्या वेळी अनेकदा ऐकला आहे. सात गड्यांचा कबड्डीचा संघ हे त्या उपमेचे जिवंत चित्र होय. आणि गवंड्यांनी बाजूला टाकलेल्या ज्या दगडाविषयी पवित्र शास्त्र बोलते, तो अखेरीस इमारतीच्या कोठल्या जागी बसला, हेही आपणांस ठाऊक आहे. तो कोपऱ्यातच बसला! बांधकाम जाणणाऱ्या कोणासही विचारा, दोन्ही भिंतींचा भार तोलणारी जागा तीच.

तेव्हा, विद्यार्थीमित्रांनो, पुढल्या लिलावात एखादा उमदा बचावपटू मागे पडेल काय, असे तुम्ही आम्हांस विचाराल तर आमचे उत्तर असे की, पडेल, कदाचित् पुष्कळ मागे पडेल. आणि जो संघ त्यास स्वस्तात घेईल त्याचे आम्ही अभिनंदन करू. तो तरुण तुमच्यापैकीच कोणी असेल, तर त्याने त्या संध्याकाळी आकडा पाहावा, आईवडिलांस नमस्कार करावा, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीच्या वेळी मैदानावर आपल्या कोपऱ्यात जाऊन उभे राहावे.